खंडित समागम : विश्वसनीयतेच्या कल्पनेची चिकित्सा

संततिनियमनाचा प्रश्न मराठी विचारविश्वात येऊन एक शतक उलटून गेले. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, १९२३ साली त्याच विषयावर पुस्तक लिहिले, या कार्यापायी १९२५ साली विल्सन महाविद्यालयातील गणिताच्या अध्यापकाची जागा सोडली, आणि जुलै १९२७ पासून १९५३ मधील आपल्या मृत्यूपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालविले. एवढ्या दीर्घ, आणि एकाहून अधिक वेळा न्यायालयापर्यंत गेलेल्या वादात सर्वांत जुन्या व सर्वांत स्वस्त अशा एका पद्धतीला मात्र विचारणीय विषय म्हणून फारसे स्थान मिळाले नाही. स्खलनापूर्वी पुरुषाने समागम थांबवून दूर होणे, ही ती पद्धती. तिच्याविषयी सामान्यतः दोनच विधाने केली जातात : ती अपायकारक आहे, आणि ती भरवशाची नाही. पहिले विधान आता कोणी फारसे करीत नाही. दुसरे टिकून आहे. त्यात 'भरवसा' या शब्दाने नेमके काय अभिप्रेत आहे, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

मराठीत या पद्धतीला एक सर्वमान्य नाव नाही, ही गोष्ट वरवर वाटते तितकी क्षुल्लक नव्हे. 'खंडित समागम' हा येथे योजिलेला शब्द ग्रंथस्थ आहे. तो घरात कोणी उच्चारणार नाही. घरगुती बोलण्यात नामाऐवजी जपण्याची, सांभाळण्याची सूचक क्रियापदेच वापरली जातात, आणि त्याच क्रियापदांत दिवस मोजणे, काही काळ दूर राहणे, क्वचित साधन वापरणे हेही सामावून जाते. ही अडचण एकट्या मराठीची नाही. इंग्लंडातील श्रमजीवी दांपत्यांच्या आठवणी संकलित करणाऱ्या केट फिशर यांना तेथेही असाच आडपडदा आढळला. सिसिलीतील इटालियन माणसाने मोटारगाडीचा मागचा गिअर उपमेला घेतला. त्या उपमेत निदान क्रियेचे स्वरूप तरी स्पष्ट होते. प्राचीन संस्कृत ग्रंथांत या पद्धतीचे मूळ शोधण्याचा मोह काहींना होतो. बृहदारण्यक उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात, गर्भ राहू नये अशी इच्छा असलेल्या पुरुषासाठी एक विधी सांगितला आहे खरा. परंतु तो श्वासाचा व मंत्राचा विधी आहे. त्यावरून इच्छेचे प्राचीनत्व सिद्ध होते, पद्धतीचे नव्हे.

या उपेक्षेचे एक कारण वादाच्या मांडणीतच होते. एका बाजूला साधनांचा पुरस्कार करणारा पक्ष होता. त्याच्या दृष्टीने विज्ञानाची खूण म्हणजे दुकानात मिळणारी, परीक्षा करता येणारी वस्तू. दुसऱ्या बाजूला संयमाचा पक्ष होता. डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर वर्ध्यास येऊन गांधीजींना भेटल्या, तेव्हा या दोन पक्षांमधील अंतर साऱ्या जगापुढे आले. खंडित समागमात साधन नाही, म्हणून पहिल्या पक्षाला तो अशास्त्रीय वाटला. त्यात भोग आहे, म्हणून दुसऱ्या पक्षाला तो असंयम वाटला. वस्तुतः त्यात दोन्ही पक्षांना प्रिय असलेले काहीतरी होते : एकाला हवे असलेले नियमन आणि दुसऱ्याला हवा असलेला निग्रह. तरीही ही पद्धती ना घरची ना घाटची झाली. स्वातंत्र्यानंतर राजकुमारी अमृत कौर आरोग्यमंत्री असताना, जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने व डॉ. अब्राहम स्टोन यांच्या मार्गदर्शनाखाली जे पहिले शासकीय प्रयोग झाले, त्यांत स्त्रियांना रंगीत मण्यांच्या माळेवर सुरक्षित दिवस मोजावयास शिकविण्यात आले. माळ ओढावयाची ती स्त्रीने. पुरुषाला शिकविण्यासारखे काही आहे, असे तेव्हा वाटले नाही.

अपायाचे विधान युरोपातून आले. १८९५ साली फ्रॉइडने चिंताविकृतीच्या कारणांत या पद्धतीची गणना केली. १९१८ नंतर मेरी स्टोप्स यांनी स्त्रीच्या आरोग्याच्या नावाने तिचा निषेध केला. स्टोप्स यांच्या मताला भक्कम शरीरशास्त्रीय पुरावा नव्हता. त्यामागे एक खरी तक्रार मात्र होती. समागम कोठे थांबावयाचा हे केवळ पुरुषाने ठरवावयाचे असेल तर स्त्रीच्या तृप्तीला त्यात जागा कोणती, ही ती तक्रार. वैद्यकाची भाषा उसनी घेतल्यामुळे ती रोगाच्या रूपाने मांडली गेली, आणि रोगाचा दावा टिकला नाही तेव्हा तक्रारही त्याबरोबर वाहून गेली. नुकसान झाले ते येथे.

आता विश्वसनीयतेकडे वळणे योग्य होईल. गर्भनिरोधाच्या पद्धतींचे अपयश मोजण्याची रीत रेमंड पर्ल यांनी १९३३ च्या सुमारास घालून दिली : शंभर स्त्रियांनी एक वर्ष एखादी पद्धती वापरली असता त्यांतील कितींना दिवस राहतात. पुढे या रीतीत पुष्कळ सुधारणा झाल्या. आज सर्वत्र उद्धृत होणारे आकडे मुख्यतः जेम्स ट्रसेल यांच्या कोष्टकांतून आलेले आहेत. त्यांनुसार खंडित समागमावर विसंबणाऱ्या शंभर स्त्रियांपैकी पहिल्या वर्षात सुमारे २० ते २२ जणींना गर्भ राहतो. पद्धती दर वेळी अचूक आचरली गेली तर हा आकडा ४ धरला जातो. निरोधाचे तुलनीय आकडे १३ ते १८ आणि २ असे आहेत. काहीच न वापरल्यास ८५.

या आकड्यांकडे नीट पाहिले तर तीन गोष्टी दिसतात. पहिली, सर्वसाधारण वापराचा आकडा अमेरिकेतील स्त्रियांच्या मुलाखतींवरून काढलेला आहे; दिंडोरी किंवा सुरगाणा तालुक्यातील दांपत्याला तो लावताना तेथील समागमाची वारंवारता, स्तनपानाचा काळ, कामासाठी होणारी स्थलांतरे यांचा विचार व्हावयास हवा. दुसरी, अचूक वापराचा ४ हा आकडा प्रत्यक्ष मोजलेला नसून तज्ज्ञांनी तर्काने ठरविलेला आहे. अचूकपणे माघार घेणाऱ्या पुरुषांची यादी करून त्यांच्या बायकांवर वर्षभर लक्ष ठेवणे कोणाला साधले आहे? तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. २० आणि ४ यांतील अंतर हे पद्धतीचे नाही. ते माणसाचे आहे. तांबीच्या बाबतीत हे दोन आकडे जवळजवळ एक होतात, कारण एकदा बसविल्यावर तिला रोज कोणाच्या निग्रहाची गरज उरत नाही. खंडित समागमाची विश्वसनीयता सांगणे म्हणजे एका पुरुषाच्या, एका विशिष्ट क्षणीच्या, दर वेळी नव्याने कराव्या लागणाऱ्या निश्चयाची विश्वसनीयता सांगणे होय. तो आकडा कोष्टकात निरोध आणि गोळी यांच्या शेजारी छापला जातो, म्हणून तो त्याच जातीचा असल्याचा भास होतो.

शरीरशास्त्रानेही या आकड्याचे गूढ पुरते उकललेले नाही. स्खलनापूर्वी स्रवणाऱ्या द्रवात शुक्रजंतू असतात किंवा नाही, या प्रश्नावरील आरंभीच्या अभ्यासांत मोजक्याच पुरुषांचे नमुने होते, आणि त्यांतील काहींत शुक्रजंतू आढळले नाहीत. किलिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २७ पुरुषांपैकी ११ जणांच्या द्रवात ते आढळले, आणि त्यांपैकी १० जणांच्या बाबतीत ते गतिमान होते. या अभ्यासाचा उल्लेख अनेकदा पद्धतीवरील अखेरचा निकाल म्हणून केला जातो. त्याचा खरा बोध वेगळा आहे. ज्या पुरुषांनी एकाहून अधिक वेळा नमुने दिले त्यांच्यापैकी काहींत शुक्रजंतू दर वेळी आढळले, इतरांत एकदाही नाही. अर्थात पुरुषापुरुषांत भेद आहे. निग्रह सारखाच असूनही एकाला यश येते, दुसऱ्याला नाही. आणि आपण कोणत्या वर्गात मोडतो हे कोणत्याही पुरुषाला स्वतः कळण्याचा मार्ग नाही. शेजाऱ्याच्या दहा वर्षांच्या अनुभवावरून आपला भरवसा ठरविणारा माणूस येथेच फसतो.

तर मग ही पद्धती निरुपयोगी ठरते काय? लोकसंख्येच्या इतिहासाचे उत्तर स्पष्टपणे नकारार्थी आहे. फ्रान्समध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीपासून, इंग्लंडात १८७० नंतर जननप्रमाण उतरू लागले तेव्हा रबरी साधने महाग व दुर्मीळ होती आणि गोळी अस्तित्वात नव्हती. ही घट मुख्यतः खंडित समागम, संयम आणि गर्भपात यांच्या आधारे झाली, याबद्दल अभ्यासकांत फारसा मतभेद नाही. जेन आणि पीटर श्नायडर यांनी सिसिलीतील एका गावाचा इतिहास लिहिताना दाखविले आहे की, प्रथम जमीनदारांनी, दोन महायुद्धांच्या दरम्यान कारागिरांनी, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर शेतमजुरांनी आपली कुटुंबे लहान केली. यांपैकी कारागिरांना तर आपल्या निग्रहाचा अभिमान वाटे. ते प्रतिष्ठेचे लक्षण होते. तुर्कस्तानात आधुनिक साधने उपलब्ध असतानाही एका काळी विवाहित स्त्रियांपैकी सुमारे चतुर्थांश याच पद्धतीवर विसंबून होत्या.

येथे विश्वसनीयतेचे दोन अर्थ वेगळे काढणे आवश्यक ठरते. समाजशास्त्रज्ञाच्या हिशेबात वर्षाकाठी २० टक्के अपयश असलेली पद्धती ही बरीच परिणामकारक पद्धती आहे. ८५ च्या जागी २० गर्भ राहिले, पाळण्यांतील अंतर वाढले, आणि दोन पिढ्यांत देशाचे जननप्रमाण उतरले. तोच आकडा एका स्त्रीच्या हिशेबात घालून पाहावा. पहिल्या मुलानंतर तीन वर्षे पाळणा लांबवावा अशी तिची इच्छा आहे. दरवर्षीचे अपयश २० टक्के हे कायम धरले, तर तीन वर्षांत तिला दिवस राहण्याचा संभव सुमारे ४९ टक्के येतो. पाच वर्षांत ६७. अपयश ४ टक्के धरले तरी पाच वर्षांत सुमारे १८. हा हिशेब काहीसा कठोर आहे, हे मान्य केले पाहिजे. ज्यांना जमत नाही ती जोडपी पहिल्या वर्षातच गळतात आणि उरलेल्यांचे अपयश कमी होत जाते, हे खरेच. परंतु आपण गळणाऱ्यांत आहोत की उरणाऱ्यांत, हे त्या स्त्रीला प्रयोगाअंतीच कळावयाचे. समाजाला जी सरासरी पुरते ती व्यक्तीला पुरत नाही. 'भरवशाची नाही' हे विधान व्यक्तीच्या बाजूने खरे आणि समाजाच्या बाजूने खोटे आहे. मार्गदर्शनपर पुस्तिका ते दोन्ही बाजूंनी खरे समजतात, आणि लोकसंख्येच्या इतिहासाने दिपलेले काही अलीकडील लेखक दोन्ही बाजूंनी खोटे.

नाशिक जिल्हा जननशास्त्राच्या नकाशावर बराच लवकर आला. पुण्याच्या गोखले राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र संस्थेने १९५३ साली पुणे जिल्ह्याची पाहणी प्रसिद्ध केली, आणि त्यापाठोपाठ १९५५ साली नी. वि. सोवनी व कुमुदिनी दांडेकर यांचा नाशिक, कुलाबा आणि उत्तर सातारा या जिल्ह्यांतील जननक्षमतेच्या पाहणीचा ग्रंथ निघाला. भारतातील अशा पाहण्यांत या दोन ग्रंथांचे स्थान पायाभूत आहे. पाहणी या प्रकाराची एक अंगभूत मर्यादा मात्र तेव्हाही होती आणि आजही आहे. ओट्यावर बसलेला परका माणूस विचारतो, तुम्ही कोणते साधन वापरता? ज्या पद्धतीत साधनच नाही, आणि जी वापरणारा दुसराच कोणी आहे, तिच्याबद्दल या प्रश्नाला 'काही नाही' असे उत्तर येणे अगदी स्वाभाविक आहे. ते उत्तर खोटे नसते. प्रश्नच दुसऱ्या वस्तूविषयी असतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने १९९२-९३ पासून या उणिवेवर काही इलाज केला आहे. तीत प्रत्येक पद्धतीचे वर्णन स्त्रीला सांगितले जाते, आणि पुरुष जपून वागून वेळीच दूर होऊ शकतो हेही त्या वर्णनांत येते. २०१९-२१ च्या पाचव्या पाहणीत महाराष्ट्रातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ६६ टक्के कोणतीतरी पद्धती व सुमारे ६४ टक्के आधुनिक पद्धती वापरीत असल्याचे दिसते. म्हणजे पारंपरिक म्हणविल्या जाणाऱ्या साऱ्या पद्धती मिळून दोन-अडीच टक्के. आसामात हेच अंतर पंधरा टक्क्यांच्या, तर पश्चिम बंगालमध्ये तेरा-चौदा टक्क्यांच्या घरात जाते. महाराष्ट्रीय पुरुषाला ही पद्धती ठाऊकच नाही, असा निष्कर्ष यावरून कोणी काढील. तो घाईचा होईल. एक तर महाराष्ट्रात सुमारे ४९ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली आहे, आणि त्यांना इतर पद्धतीची गरजच उरलेली नाही. दुसरे असे की, एखादी स्त्री दोन पद्धती सांगते तेव्हा यादीत वरची असलेली पद्धती तिच्या नावे लिहिली जाते. महिन्याचे काही दिवस निरोध आणि एरवी माघार असा व्यवहार करणारे जोडपे कोष्टकात केवळ निरोधाचे ठरते. खंडित समागम हा आपल्याकडे प्रधान पद्धती म्हणून कमी आणि जोडपद्धती म्हणून अधिक असण्याचा संभव आहे. आणि जोडपद्धती कोष्टकात दिसत नाही.

नाशिकच्याच परिसरात या प्रश्नाची एक वेगळी, अधिक जुनी आणि अधिक काटेकोर चर्चा उपलब्ध आहे. मराठी लेखकांचे तिच्याकडे लक्ष गेलेले नाही, याचे आश्चर्य वाटते. मालेगाव हे यंत्रमागांचे आणि मदरशांचे गाव. तेथे शिकविल्या जाणाऱ्या इस्लामी धर्मशास्त्रात या पद्धतीला 'अझल' असे निःसंदिग्ध नाव आहे, आणि तिच्या वैधतेची चर्चा हजार वर्षांहून अधिक जुनी आहे. अकराव्या शतकाच्या अखेरीस गझाली यांनी ती अनुज्ञेय ठरविताना पत्नीच्या जिवाची व सौंदर्याची काळजी, संसाराची ओढग्रस्त अशी कारणेही ग्राह्य मानली. भारतातील बहुसंख्य मुसलमान ज्या हनफी संप्रदायाचे अनुयायी आहेत त्याने मूळ अट घातली ती पत्नीच्या संमतीची; कारण संतती आणि तृप्ती या दोहोंवर तिचाही हक्क मानला गेला. नंतरच्या काही हनफी पंडितांनी काळ वाईट असल्यास ही अट शिथिल केली, हेही सांगितले पाहिजे. शास्त्र आणि घरातील व्यवहार एक नसतात, हे तर उघडच आहे. तरीही पद्धतीच्या चर्चेत स्त्रीचा होकार हा पहिला मुद्दा असू शकतो, हे येथे दिसते. आधुनिक मराठी पुस्तिकांत पहिला मुद्दा टक्केवारीचा असतो.

या होकाराचा विश्वसनीयतेशी काय संबंध, असे विचारले जाईल. संबंध अगदी निकटचा आहे. गोळी घेतली की नाही, तांबी जागेवर आहे की नाही, हे स्त्रीला स्वतः जाणता येते. खंडित समागमात पद्धती दुसऱ्याच्या हातात, परिणाम हिच्या उदरात. पाचव्या पाहणीनुसार महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के अठरा वर्षांपूर्वीच विवाहित झालेल्या होत्या. सासरी नव्याने आलेल्या अशा मुलीने पतीला 'थांबा' म्हणावे, आणि त्याने प्रत्येक वेळी ऐकावे, ही अपेक्षा ज्या पद्धतीच्या गृहीतांत आहे तिची विश्वसनीयता तिच्या घरातील स्थानाहून वेगळी काढता येत नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत रात्रपाळी करून येणारा, किंवा मद्य घेऊन येणारा पुरुष तोच निश्चय त्याच दक्षतेने करील असे धरता येत नाही. शिवाय लैंगिक संसर्गापासून ही पद्धती संरक्षण देत नाही. पती महिनोन्‌महिने परगावी राहत असेल तर ही बाब गौण नव्हे.

मात्र टीकाकाराने येथे एका अडचणीच्या वस्तुस्थितीला तोंड दिले पाहिजे. पुरुषावर संपूर्ण भार टाकणाऱ्या पद्धती आपल्याकडे अगदी थोड्या. नसबंदी करून घेतलेल्या पुरुषांचे प्रमाण २०१९-२१ मध्ये देशात अवघे ०.३ टक्के होते. कुमुदिनी दांडेकरांनी १९६३ साली महाराष्ट्रातील पुरुष-नसबंदीच्या शिबिरांवर लेख लिहिला. त्या शिबिरांचा काळ मागे पडला आणि सारा भार स्त्रीच्या शस्त्रक्रियेवर गेला. अशा समाजात दर रात्री स्वतः तोशीस सोसणारा पुरुष हा काही उपहासाचा विषय नव्हे. फिशर यांच्या इंग्रज स्त्रियांपैकी कित्येकींनी आपल्या पतीच्या या दक्षतेचे स्मरण कृतज्ञतेने केले आहे. त्यांना तो काळजीचा पुरावा वाटे. 'पुरुषसत्तेची पद्धती' हा शिक्का मारून मोकळे होणारे लेखन या कृतज्ञतेचा अर्थ लावू शकत नाही, आणि केवळ टक्केवारी देणारेही नाही.

शासकीय कार्यक्रमाची रचना पाहता हा प्रश्न कोणत्या स्त्रीच्या वाट्याला येतो हेही स्पष्ट होते. स्त्री-नसबंदी साधारणतः पंचविशीच्या आसपास, अपेक्षित मुले झाल्यावर होते. लग्न आणि शस्त्रक्रिया यांमधील पाच-सात वर्षांत पाळणा थांबवावयाचा नसतो, लांबवावयाचा असतो. या काळासाठी १९६८ पासून निरोध, पुढे गोळ्या व तांबी, २०१७ पासून 'अंतरा' हे इंजेक्शन आणि 'छाया' ही गोळी शासनाने उपलब्ध केली आहे. २०११ पासून आशा कार्यकर्त्या काही साधने घरपोच देतात. पण साधन घरात आले की ते सासूला दिसते. जी पद्धती कोणालाच दिसत नाही तिचे आकर्षण तेथे आहे, स्वस्ताईत तितके नाही.

अपयशानंतर काय, या प्रश्नाला कायद्याने दिलेले उत्तर या दृष्टीने वाचण्याजोगे आहे. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपाताच्या कायद्यात विवाहित स्त्रीने किंवा तिच्या पतीने वापरलेले 'साधन अथवा पद्धती' अयशस्वी झाल्याने राहिलेला गर्भ, हा तिच्या मानसिक आरोग्याला गंभीर इजा पोहोचविणारा मानता येईल, असे स्पष्टीकरण आहे. २०२१ च्या दुरुस्तीने 'विवाहित स्त्री' व 'पती' यांच्या जागी 'कोणतीही स्त्री' व 'तिचा जोडीदार' हे शब्द आले. 'पद्धती' हा शब्द मात्र मूळ मसुद्यापासून तसाच आहे. पाहणीच्या प्रश्नावलीतून जी निसटली, मार्गदर्शनपर पुस्तिकेने जी एका वाक्यात निकालात काढली, ती पद्धती कायद्याच्या या एका शब्दात, तिचे नाव न घेता, पूर्णपणे सामावते. पतीने वेळीच माघार घेतली नाही, एवढे सांगणे त्या कलमाखाली पुरेसे कारण ठरते. त्याला चिठ्ठी नाही, पावती नाही, फाटलेली वस्तू नाही. तालुक्याच्या रुग्णालयात डॉक्टरांसमोर बसलेल्या स्त्रीला ते स्वतःच्या तोंडाने, कोणत्यातरी क्रियापदाचा आधार घेऊन, सांगावे लागते. आणि समोरच्या माणसाला त्या क्रियापदाचा अर्थ कळावा लागतो.